तपासणीची मिनिटं कोणाच्या वाट्याला?

मध्य प्रदेशातल्या खेड्यांत काही वर्षांपूर्वी चांगली धडधाकट माणसं रुग्ण बनून दवाखान्यांत नंबर लावत होती. कोणी छातीत दुखतंय म्हणून सांगायचं, कोणी दम्याची लक्षणं सांगायचं, तर कोणी घरी ठेवून आलेल्या मुलाला आव पडतेय म्हणून औषध मागायचं. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे त्यांच्याकडून घोटून घेतलेलं होतं. डॉक्टरांनी काय विचारलं, काय तपासलं, किती वेळ दिला, याची नोंद बाहेर पडल्यावर व्हायची. जिष्णू दास, अलका होला, आकाश मोहपाल आणि कार्तिक मुरलीधरन या अर्थतज्ज्ञांचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यात रुग्णाला सरासरी २.४ मिनिटं मिळाली. खासगीत त्याहून दीड मिनिट जास्त, आणि या खासगीवाल्यांत पदवी नसलेले 'डॉक्टर'ही भरपूर होते.

पण या अभ्यासातला खरा ऐवज पुढे आहे. सरकारी नोकरी सांभाळून स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांकडे हे बनावट रुग्ण दोन्ही ठिकाणी पाठवण्यात आले. डॉक्टर तोच, दुखणं तेच. तरी स्वतःच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि योग्य उपचार देण्याचं प्रमाणही तिथे जास्त निघालं. ज्ञान सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असण्याचं तर काही कारण नाही.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे गर्दी. केईएम किंवा जे.जे.च्या ओपीडीपुरतं ते खरंच आहे. केसपेपरची रांग पाहिलेला माणूस तिथल्या निवासी डॉक्टरांना 'जरा सावकाश बघा' असं सांगायला धजावणार नाही. पण खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब करून पाहावा. २.४ मिनिटांच्या दराने साठ रुग्ण तपासले तरी १४४ मिनिटं होतात, म्हणजे अडीच तासही भरत नाहीत. उरलेला वेळ बैठका, अहवाल आणि मोहिमा खातात, हे मान्य. तरीही रुग्णाच्या वाट्याला किती मिनिटं यावीत हे केवळ रांगेच्या लांबीवर ठरतं, असं मला वाटत नाही. समोरचा माणूस पैसे देणार आहे का, नीट पाहिलं नाही तर तो दुसरीकडे जाईल का, तक्रार केली तर ती कोणी ऐकेल का, यावरही ते ठरतं.

देशोदेशींच्या सरासऱ्या तशा रंजक आहेत. ६७ देशांतली आकडेवारी एकत्र करून २०१७ साली झालेल्या आढाव्यात बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं अशी दोन टोकं निघाली. भारत दोन मिनिटांच्या थोडा वर. मात्र सरासरीत कोणाची मिनिटं कोणाकडे गेली हे दिसत नाही. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऐंशी लाखांहून अधिक भेटींच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि सरकारी विम्यावरच्या रुग्णांना थोडा कमी वेळ मिळाल्याचं आढळलं. फरक फार मोठा नव्हता. पण भेट जितकी आखूड, तितकी सर्दी-खोकल्यावर गरज नसताना अँटिबायोटिक लिहिलं जाण्याची शक्यता जास्त, हेही त्यात दिसलं. समजावून सांगण्यापेक्षा गोळ्या लिहून देणं लवकर उरकतं.

आपल्याकडे याला जातीची बाजू आहे, आणि ती मोजायला फार थोडे लोक पुढे आले. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या खेड्यांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला. डॉक्टर किंवा नर्स मुलाशी किती वेळ बोलतात आणि त्याला हात लावतात की नाही, ही त्यांच्या पाहणीची मापं होती. दवाखान्यातून कोणी हाकलून देत नाही, औषधही मिळतं. फक्त नाडी न बघता, लांबूनच. असा भेदभाव कोणत्याही रजिस्टरात उमटत नाही, कारण रजिस्टरात 'रुग्ण तपासला' एवढंच लिहिलेलं असतं.

वेळ न मिळाल्याने काय काय दडून राहतं, हे गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दाखवलं. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोवर कुटुंब नियोजनाच्या नावाखाली सरकारी यंत्रणा या स्त्रियांच्या दारात कितीतरी वेळा येऊन गेली होती. अंगावर पांढरं जाण्याची गोष्ट बाई पहिल्या वाक्यात सांगत नाही. आधी कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो, असं काहीबाही सांगते आणि समोरचा ऐकतोय का ते बघते. दोन मिनिटांत ती कंबरेपाशीच थांबते आणि दुखण्यावरची गोळी घेऊन घरी येते.

रुग्णाला न अडवता बोलू दिलं तर तो किती वेळ बोलतो? स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी ३३५ रुग्णांबाबत हे मोजलं, आणि सरासरी निघाली ९२ सेकंद. 'एकदा सुरू झाले की थांबत नाहीत' ही तक्रार त्यापुढे टिकत नाही. पण आपल्या २.४ मिनिटांच्या, म्हणजे १४४ सेकंदांतून ९२ वजा केले तर प्रश्न, तपासणी, निदान आणि औषध कसं घ्यायचं हे सांगणं, या सगळ्याला ५२ सेकंद उरतात. हा हिशेब डॉक्टर आणि रुग्ण एकच भाषा बोलतात असं धरून झाला. मेळघाटातली कोरकू बोलणारी किंवा भामरागडची माडिया बोलणारी बाई आपलं दुखणं सांगणार, सोबतची आशा सेविका ते मराठीत सांगणार. तेच ९२ सेकंद दोनदा मोजावे लागतात. ते होतात १८४.