जुना गेमिंग पीसी आणि नवं ग्राफिक्स कार्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१६ ते २०१९ या काळात जोडून घेतलेले असंख्य गेमिंग पीसी आजही घरोघरी रोज वापरात आहेत. कोअर आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि फुल एचडी मॉनिटर हा त्यातला नेहमीचा संच. नवे गेम आता त्याला झेपत नाहीत. त्यात ऑक्टोबर २०२५पासून एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेतल्या कार्डांसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणं थांबवलं. ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येत राहतील. त्यामुळे ‘आता कार्ड बदलूया’ हा विचार साहजिक आहे. मधल्या किमतीचं कार्ड म्हटलं तरी घरच्या खर्चात ती मोठी रक्कम असते, आणि ती बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर खर्च होते. म्हणून त्या ऐकीव गोष्टी एकेक करून तपासून घेऊ.

गैरसमज १ : कार्ड जितकं भारी, तितका गेम वेगात चालतो.

वस्तुस्थिती : पडद्यावरची प्रत्येक फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, शत्रू कुठे वळला, हा हिशोब आधी प्रोसेसर करतो. त्यानंतर कार्ड चित्र काढतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरलाच २० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ५० फ्रेमच निघणार. मग कार्ड कितीही महाग आणा, ते रिकामं बसून वाट पाहील.

अडचण कुठे आहे हे घरीच तपासता येतं. नेहमीचा गेम सुरू करा, रिझोल्यूशन १२८० बाय ७२०वर आणा आणि ग्राफिक्सची सगळी सेटिंग्ज सर्वांत कमी करा. फ्रेमचा आकडा झपकन वर गेला तर कार्डच कमी पडत होतं. आकडा जवळपास तिथेच राहिला तर प्रोसेसर किंवा रॅम अडवते आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर खेळता खेळता कार्डाचा वापर दाखवतं. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड बदलून फायदा होईल. फ्रेमवर कुठलीही मर्यादा लावलेली नसताना तो ६० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल, तर पैसे दुसरीकडे खर्च करायला हवेत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या खेळांत प्रोसेसरचा वाटा मोठा असतो. तिथे नुसतं कार्ड बदलून अनेकांची निराशा होते.

आय५-७४००मध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. त्याच मदरबोर्डवर आय७-७७०० बसतो, त्यात थ्रेड आठ मिळतात आणि तो सेकंडहँड बाजारात सापडतो. रॅमची एकच स्टिक असेल तर जोडीला तशीच दुसरी लावा. डीडीआर४-२४००ची एक स्टिक सेकंदाला १९.२ जीबी डेटा पुरवते आणि जोडी ३८.४ जीबी. मॉनिटरही विसरू नका. तो ६० हर्ट्‌झचा असेल तर सेकंदाला ६० चित्रंच दाखवेल. १४० फ्रेम काढणाऱ्या कार्डाचे पैसे मग कशासाठी मोजायचे?

गैरसमज २ : जुन्या मदरबोर्डवर नवं कार्ड चालतच नाही.

वस्तुस्थिती : कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसची प्रत्येक नवी पिढी जुन्या पिढीशी जुळवून घेते. चौथ्या किंवा पाचव्या पिढीचं कार्ड तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालतं, फक्त डेटाची ये-जा तिसऱ्या पिढीच्या वेगाने होते. तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन (डेटाच्या वाटा) सेकंदाला सुमारे १६ जीबी डेटा नेतात आणि आठ लेन सुमारे ८ जीबी. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही दोन्ही कार्डं आठच लेन वापरतात. तरीही कार्डाची मेमरी पुरेशी असेपर्यंत बहुतेक गेममध्ये फरक किरकोळ राहतो.

ठेच लागते ती लेन फारच कमी असलेल्या कार्डाला. जानेवारी २०२२मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आणि ४ जीबी मेमरी आहे. जुन्या बोर्डवर त्याच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ४ जीबी इतकाच रस्ता येतो. मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. म्हणजे स्वस्त म्हणून जुन्या पीसीसाठी सुचवलं जाणारं हे कार्ड जुन्या पीसीवरच सर्वांत जास्त कमी पडतं.

इंटेलच्या आर्क कार्डांबाबत मात्र सावध राहा. डिसेंबर २०२४मध्ये आलेलं आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचं चांगलं कार्ड आहे, पण त्याला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा कोअर किंवा रायझन ३००० मालिका आणि त्यापुढचा प्रोसेसर सांगतं. आय५-७४०० असेल तर हा पर्याय बाद समजा. बोर्ड खूपच जुना, २०१२च्या आगेमागेचा असेल, तर नवं कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहण्याची शक्यता असते. बायोस अपडेट उपलब्ध आहे का, हे खरेदीआधी पाहून घ्या.

गैरसमज ३ : मेमरी जास्त म्हणजे कार्ड चांगलं.

वस्तुस्थिती : किती मेमरी, याइतकंच ती कोणत्या प्रकारची आणि किती वेगाची हेही महत्त्वाचं. जीटी १०३० हे कार्ड २ जीबी मेमरीच्या दोन प्रकारांत विकलं गेलं. जीडीडीआर५चा प्रकार सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवतो आणि डीडीआर४चा १६.८ जीबी. खोक्यावर नाव तेच, मेमरी तेवढीच, पण खेळताना जमीन-अस्मानाचा फरक.

१२ जीबीचं आरटीएक्स ३०६० आणि ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० समोर ठेवली तर बहुतेक गेममध्ये ४०६० पुढे असतं. गेमला ८ जीबीपेक्षा जास्त मेमरी लागली की मात्र चित्र पालटतं. जे कार्डात मावत नाही ते रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावं लागतं. ४०६०ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते, जुन्या बोर्डवरची वाट फक्त ८ जीबी. खेळताना मध्येच बसणारे झटके इथूनच येतात. म्हणून जुन्या बोर्डवर ८ जीबीचं कार्ड घेतलंत तर टेक्स्चरचं सेटिंग एक पायरी खाली ठेवा. अजून पाच वर्षं तेच कार्ड वापरायचं असेल तर १६ जीबीचा विचार करा.

गैरसमज ४ : नाव एक म्हणजे कार्ड एक.

वस्तुस्थिती : आरटीएक्स ३०५० हे नाव दोन वेगळ्या कार्डांवर आहे. जानेवारी २०२२मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २,५६० कोअर आहेत आणि ते १३० वॅट घेतं. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २,३०४ कोअर आहेत आणि मेमरीची वाटही अरुंद आहे, पण ते ७० वॅटमध्ये भागवतं. जीटीएक्स १०६०चंही तेच. ३ जीबीच्या प्रकारात मेमरी निम्मी होतीच, शिवाय कोअरही १,२८०वरून १,१५२वर आणले होते. सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० या नावाने २,०४८ कोअरचं कार्डही मिळतं, मूळ ५८०मध्ये ते २,३०४ असतात. दुकानदाराला नुसतं नाव सांगू नका. मेमरी, तिचा प्रकार आणि पूर्ण मॉडेल क्रमांक सांगा, आणि बिलावर तो लिहून घ्या.

गैरसमज ५ : एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय, म्हणजे ४५० वॅट मिळतात.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबू. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देतो. सहा पिनची जोडणी आणखी ७५ देते आणि आठ पिनची १५०. जीटीएक्स १०५० टीआयचं काम बहुतेक वेळा एकट्या स्लॉटवर भागायचं. त्यामुळे कॅबिनेटबरोबर आलेला साधा एसएमपीएस वर्षानुवर्षं तक्रारीविना चालला. आरएक्स ६६०० मात्र १३२ वॅट घेतं आणि त्याला आठ पिनची जोडणी लागते. आरटीएक्स ४०६० घेतं ११५ वॅट.

आता कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या ओळीवर चालतात, तेव्हा बघायचं ते तिथले अँपिअर. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. बाहेर मोठ्या अक्षरांत ४५० असलं तरी तुमच्या कामाचे एवढेच. त्यात आय५-७४००चे ६५ आणि आरएक्स ६६००चे १३२ मिळून १९७ वॅट झाले. मदरबोर्ड, पंखे आणि डिस्क अजून बाकीच आहेत. शिवाय कार्ड क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या वर उडी घेतं. अशा एसएमपीएसवर ऐन खेळात पीसी बंद पडतो, आणि तो हलक्या दर्जाचा असेल तर स्वतः जळताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो.

आठ पिन नाहीत म्हणून हार्ड डिस्कच्या चार पिनच्या वायरीला कन्व्हर्टर लावून कार्ड चालवायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. ती वायर एवढ्या विजेसाठी बनवलेली नसते, ती तापते आणि वितळू शकते. ८० प्लस हा शिक्का चांगला, पण तो भिंतीतली वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस या श्रेणीतल्या बहुतेक कार्डांना पुरतो. त्याचे पैसे कार्डाच्या बजेटमध्येच धरा.

यूपीएसचंही गणित करा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याच्या जवळ पोहोचत असतील तर वीज गेल्याक्षणी तो हात टेकेल.

गैरसमज ६ : माइनिंगला वापरलेलं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड.

वस्तुस्थिती : १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोकरन्सीने ग्राफिक्स कार्डांवरचं माइनिंग बंद केलं आणि ढिगाने कार्डं सेकंडहँड बाजारात आली. माइनिंगमध्ये कार्ड दिवसरात्र, पण एकसारख्या भाराने चालतं. मुख्य चिपवरचा व्होल्टेज बरेचदा कमी ठेवलेला असतो. झिजतात ते पंखे, वाळते ती थर्मल पेस्ट, आणि मेमरीने बरीच उष्णता सोसलेली असते. त्यामुळे असं प्रत्येक कार्ड निकामी नसतं आणि प्रत्येक बिनधोकही नसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीच्या माणसाकडून घ्या, समोर लावून अर्धा तास जड गेम चालवून बघा. तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासा, जीपीयू-झी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून कोअर आणि मेमरी जुळतात का ते पाहा. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवलेलं असेल तर बहुतेक वेळा ते इथे उघडं पडतं. पी१०६-१०० हे खास माइनिंगचं कार्ड असेल तर त्याला मॉनिटरची वायर लावायला जागाच नसते.

गैरसमज ७ : जुनं सर्वांत मोठं कार्ड नव्या मधल्या कार्डापेक्षा केव्हाही सरस.

वस्तुस्थिती : २०१७चं जीटीएक्स १०८० टीआय आजही जोरदार आहे. पण ते २५० वॅट घेतं, त्याचे ड्रायव्हर आता मागे पडत जाणार, आणि त्यात रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढण्याचं हार्डवेअर नाही. डिसेंबर २०२४चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५चा ‘डूम : द डार्क एजेस’ हे गेम ते हार्डवेअर अनिवार्य धरतात. केवळ ताकद असून भागत नाही.

गैरसमज ८ : फ्रेम जनरेशन म्हणजे फुकटात दुप्पट वेग.

वस्तुस्थिती : फ्रेम जनरेशन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने तयार केलेल्या फ्रेम घालतं. चित्र नितळ दिसतं, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही. मुळात ५०-६० फ्रेम मिळत असतील तरच ते चांगलं वाटतं. त्यामुळे पेटीवरचा तिप्पट-चौपट आकडा बघून कार्ड ठरवू नका. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारं एएमडीचं एफएसआर अपस्केलिंग मात्र अनेक गेममध्ये जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतं. खर्च करण्याआधी ते वापरून बघा, कदाचित अजून वर्षभर निभावेल.

मग घ्यायचं काय? आय५-७४००च्या पीसीसाठी आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०च्या ताकदीचं कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि रॅमची दुसरी स्टिक ही जोडणी सर्वांत समतोल आहे. एसएमपीएस बदलणं शक्यच नसेल तर आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं, वेगळी वीजजोडणी न लागणारं मॉडेल घ्या. पीसी रायझन ५ ३६०० किंवा त्यापुढचा असेल तर १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय शोभेल.

खरेदीला निघण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा : प्रोसेसरचं नाव, मदरबोर्डचं मॉडेल, एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या ओळीचे अँपिअर, कॅबिनेटमध्ये कार्डासाठी मोकळी असलेली लांबी आणि मॉनिटरचं रिझोल्यूशन व हर्ट्‌झ. दुकानात हा कागद आधी दाखवा आणि मगच कार्डांची चौकशी करा.