दोन सेंटिमीटरचा पत्ता

उंदराच्या डीएनएत अक्षरे चारच, पण एका संचात ती भरतात सुमारे २७० कोटी. एकेक अक्षर मिलिमीटरभर धरून रुळांवर लिहीत गेलो तर मजकूर २,७०० किलोमीटर लांबेल. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन २२ फेऱ्या, आणि वर एकदा चर्चगेटला उतरायचे. सकाळच्या गर्दीत नुसती कल्पनाही नको.

एखादे जनुक काय काम करते ते पाहायचे, तर ते बंद पाडायचे आणि उंदराचे कुठे अडते ते बघायचे. पण एवढ्या लांबीत नेमकी जागा गाठायची कशी? कपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चे नोबेल ज्या पद्धतीसाठी मिळाले, तीत बदललेला तुकडा पेशींत सोडत. आत शिरलेला तुकडा बहुतेक वेळा भलतीकडेच जाऊन बसे. हजारांत एखादाच जागेवर.

आता डीएनए नेमक्या जागी कापणारी क्रिस्पर नावाची कात्री आहे. तिला पत्ता लागतो २० अक्षरांचा. आपल्या रुळांवर जेमतेम दोन सेंटिमीटर. दहा अक्षरे का पुरत नाहीत? दहा अक्षरांचे शब्द होतात १०,४८,५७६. त्यातला कुठलाही एक २७० कोटींत निव्वळ योगायोगाने अडीच हजार वेळा भेटेल. वीस अक्षरांचे शब्द मात्र १०,९९,५१,१६,२७,७७६. उंदराच्या अख्ख्या मजकुराच्या चारशेपट! अर्थात एखादे अक्षर जुळले नाही तरी ही कात्री कधीकधी चालते, तेव्हा गणितावर फार विसंबू नये.

खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत, अ‍ॅक्ट्रेकमध्ये सोराब दलाल यांच्या गटाने २०११ मध्ये जनुकीय बदल पिल्लांपर्यंत पोचवायची वेगळीच वाट दाखवली. भ्रूणाला हात न लावता बदल वाहून नेणारा लेंटिव्हायरस हा विषाणू थेट नराच्या वृषणात टोचायचा आणि त्या नराची मादीशी जोडी लावायची. बदल पिल्लांत उतरतो. भ्रूणात सुई घालायचे नाजूक काम वाचते, ही मला त्यातली मोठी कमाई वाटते.

उंदरिणीच्या गरोदरपणाचे तीन आठवडे मात्र कुणालाच कमी करता येत नाहीत. पिल्ले जन्मली की मग मोजणी. आईबापांकडे जनुकाची एकेक प्रत बिघडलेली असेल, तर चारांतल्या एका पिल्लाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघायला हव्यात. २८ पिल्ले तपासूनही असे एकही सापडले नाही, तर त्या जनुकाचा बिघाड प्राणघातक मानतात. निव्वळ नशिबाने असे होण्याची शक्यता सुमारे ३,१५० त एक. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने १,७५१ जनुकांचा असा हिशेब मांडला; त्यांतल्या ४१० जनुकांचा बिघाड प्राणघातक निघाला.