बाळाची जीभ जड आहे का?

गटाच्या बैठकीत लहान लेकरांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोराची जीभ जड आहे, खाली चिकटलीय." आज त्याबद्दलच बोलू.

आरशासमोर उभ्या राहा आणि जीभ टाळूला लावा. जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल. तो आपल्या सगळ्यांनाच असतो. काही बाळांचा हा पडदा जन्मतःच आखूड किंवा जाड असतो, कधी थेट जिभेच्या टोकापर्यंत आलेला असतो. मग जीभ नीट उचलली जात नाही, रडताना टोकाला खाच पडून ती बदामाच्या आकाराची दिसते. डॉक्टर याला टंग-टाय म्हणतात. काही घराण्यांत हे चालत येतं. आईनं ग्रहणात काय चिरलं, याचा इथं काडीचा संबंध नाही.

पहिला त्रास होतो तो दूध पिताना. बाळ छाती धरतं, सोडतं, पुन्हा धरतं, चटचट आवाज करतं. तासभर पाजलं तरी भुकेलंच. आईच्या स्तनाच्या बोंडाला चिरा पडतात. आणि घरात ठरतं काय, तर सुनेला दूधच नाही, आणा बाटली! तसं करू नका. आशाताई पहिल्या 42 दिवसांत घरी भेटीला येतात, त्यांच्यासमोर बाळाला पाजा. पुष्कळदा धरण्याची पद्धत बदलली की काम भागतं. बाळाचं वजन वाढतंय, आईला दुखत नाही, तर पडदा आखूड असला तरी त्याला हात लावायचं कारण नाही.

त्रास राहिलाच, तर डॉक्टर निर्जंतुक कात्रीनं तो पडदा मोकळा करतात. काम अगदी थोड्या वेळाचं. रक्ताचे चार थेंब येतात आणि बाळाला लगेच छातीशी लावतात. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल तर आधी सांगा. नखानं, ब्लेडनं, दोऱ्यानं मात्र कुणालाही हे करू देऊ नका. जिभेखाली रक्ताच्या शिरा असतात. जीभ हलकी व्हावी म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवतात, तेही नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे.

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मूल दोन-तीन वर्षांचं झालं, बोलत नाही, म्हणून "जीभ कापून आणा" असा सल्ला मिळतो. जरा म्हणून बघा : मामा, बाबा, पापा. जीभ हलली का? हे शब्द ओठांनी होतात. पडदा कितीही आखूड असला तरी मूल 'मामा' म्हणू शकतं. टंग-टायमुळे र, ल, ट, ड, ळ असे उच्चार बोबडे होतील, पण बोलणं थांबत नाही. अडखळत, तोतरं बोलण्याचाही त्याच्याशी संबंध नाही. म्हणून दीड वर्षाच्या मुलाला एकही अर्थाचा शब्द येत नसेल, तर आधी कान तपासा. ज्याला ऐकूच येत नाही ते काय बोलणार? वाटी-चमचा वाजवून घरी अंदाज येतो, पण तेवढ्यावर विसंबू नका. मूल झोपलेलं असताना यंत्रानं कान तपासतात, त्याला बेरा म्हणतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, त्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्या. बोलणं शिकण्याची ही पहिली वर्षं फार मोलाची, ती जिभेच्या मागे घालवायची नाहीत.

मोठ्यांचं काय? कित्येकजणी असा पडदा घेऊनच म्हाताऱ्या होतात, काही बिघडत नाही. पण दाढेत अडकलेला घास जिभेनं काढता येत नाही, खालची कवळी बसत नाही, उच्चारांवरून लोक हसतात, अशी अडचण असेल तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मोठेपणी जागा बधिर करून पडदा मोकळा करतात, लागले तर टाके घालतात. नंतर डॉक्टर जिभेचे व्यायाम सांगतात, ते करायचेच, नाहीतर जखम भरताना जागा पुन्हा आखडू शकते. आणि वर्षानुवर्षांची बोलण्याची सवय काही एका दिवसात बदलत नाही. त्यासाठी वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे काही महिने जावं लागतं.