राजपुत्र पडतो तेव्हा

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९च्या ऑक्टोबरमध्ये ॲपल-२ या संगणकावर आला. गोष्ट अगदी छोटी. सुलतान मोहिमेवर गेलेला, मागे वजीर जाफरनं सत्ता बळकावलेली. राजकन्येला त्यानं तासाभराची मुदत दिली आहे, लग्न कर नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरातल्या कोठडीत निःशस्त्र पडला आहे. तो प्रियकर म्हणजे आपण, आणि आपल्या हाती ६० मिनिटं.

त्यानंतरच्या साडेतीन दशकांत या मालिकेत नायक बदलले, चित्रं सपाटची त्रिमित झाली आणि पुन्हा सपाट झाली. पिढ्यांची तुलना करताना समीक्षक सहसा चित्रांची झळाळी नाहीतर लढाईची रीत मोजतात. मला प्रत्येक पिढीला एकच प्रश्न विचारावासा वाटतो. राजपुत्र कड्यावरून पडला, तर पुढं काय होतं? या मालिकेचा खरा इतिहास त्या उत्तरात आहे.

पहिलं उत्तर कठोर होतं. एक मजला पडलात तर काही नाही, दोन मजले पडलात तर जीवाचा एक लाल त्रिकोण गेला, तीन मजल्यांवरून पडलात तर मेलात. मेल्यावर लेव्हल पहिल्यापासून सुरू, पण घड्याळ मागं जात नसे. चुकीची किंमत मिनिटांत मोजावी लागे, आणि ती मिनिटं राजकन्येच्या आयुष्यातून जात.

ही शिक्षा अंगाला लागायची, कारण पडणारं शरीर खरं होतं. खेळाचा कर्ता जॉर्डन मेक्नर हा येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला तरुण. १९८४ साली ‘कराटेका’ या खेळानं त्याला नाव मिळवून दिलं होतं. १९८५मध्ये त्यानं धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावलं आणि ते व्हिडिओवर टिपलं. मग टीव्हीच्या पडद्यावर एकेक चौकट थांबवून तिचे फोटो काढले, आकृतीच्या कडा हातानं गिरवल्या आणि त्या संगणकात उतरवल्या. तलवारबाजीसाठी त्यानं १९३८च्या रॉबिनहूडपटातलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं द्वंद्व निवडलं. त्यात थोडाच वेळ दोघं नेमके बाजूनं दिसतात. तेवढी चित्रफीत त्याला पुरली. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी रचलं. ते पेशानं मानसशास्त्रज्ञ.

त्या काळातल्या बहुतेक खेळांतले नायक बटण दाबताच उडत आणि सोडताच थांबत. हा धावू लागला की चटकन थांबत नसे. पाय घसरत, तोल सावरावा लागे. लांब उडीसाठी आधी धाव घ्यावी लागे. पडला की ‘धप्प’ असा आवाज येई आणि तो वाकून सावकाश उभा राही. खड्ड्यातल्या सुळ्यांवर तो पडलेला पाहताना पोटात गोळा येई.

याच आवृत्तीतली एक गोष्ट मला सगळ्या मालिकेत सर्वांत मोलाची वाटते. संगणकाची स्मृती भरत आली होती. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती, आणि टोमी पिअर्स ही सहकारी मैत्रीण मात्र खेळात लढत हवीच म्हणून मागं लागली होती. मेक्नरनं नायकाचीच चित्रं घेतली, ती किंचित सरकवून मूळ चित्रांशी गणिती रीतीनं उलटवली, आणि पडद्यावर एक चमचमती सावली धावू लागली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ही सावली दुसऱ्या बाजूनं निघून जाते. पुढं ती आपलं औषध पिते, एकदा आपल्या तोंडावर दार बंद करते. शेवटी ती तलवार घेऊन समोर येते. तिला घाव घातला तर घाव आपल्याला लागतो. तलवार म्यान करून सरळ तिच्याकडे चालत जायचं, की दोघं एक होतात. इतका खोल प्रसंग जागेच्या टंचाईतून जन्मला.

ॲपल-२चे दिवस तेव्हा सरत आले होते, त्यामुळे विक्री आधी मंदच राहिली. १९९०ची डॉस आवृत्ती आणि पुढच्या जपान-युरोपातल्या आवृत्त्यांनी खेळ जगभर नेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो फ्लॉपीवरून पसरला, संगणकाच्या क्लासमधून, कचेरीतल्या ओळखीतून. पहिल्या लेव्हलनंतर एका खोलीत अक्षरं लिहिलेली औषधं मांडलेली असत, आणि कुठलं प्यायचं ते सोबतच्या पुस्तिकेतल्या नेमक्या शब्दावरून ठरे. कॉपी केलेल्या फ्लॉपीबरोबर पुस्तिका कुठली असणार? मग अंदाजानं प्यायचं आणि मरायचं. त्यावर उतारा म्हणून ‘प्रिन्स मेगाहिट’ ही आज्ञा कानोकानी फिरली. ती देऊन खेळ सुरू केला की लेव्हल ओलांडून पुढं जाता येई.

१९९३चा दुसरा भाग वेळेच्या बाबतीत थोडा उदार होता, ७५ मिनिटं. पण एकाच वेळी अनेक शत्रू अंगावर येत. १९९९ला पहिला त्रिमित प्रयत्न झाला आणि फसला. नायक अवजड चाले, खेळात दोष राहून गेले होते. पडणं आता चुकीमुळे होत नव्हतं, कॅमेऱ्यामुळे होत होतं. खेळाडूला स्वतःचा दोष दिसला नाही की पडण्यातला अर्थच जातो.

मग २००३. मॉन्ट्रियलच्या युबिसॉफ्टमध्ये पॅट्रिस देझिले यांच्या चमूनं ‘द सँड्स ऑफ टाइम’ घडवला. मालिकेचे हक्क राखून असलेला मेक्नर कथा लिहायला त्यांच्यात आला. गोष्ट भारतात सुरू होते. पर्शियाचा राजा शरमन आणि त्याचा मुलगा एका महाराजाचा वाडा लुटतात, तिथून काळाचा खंजीर आणि वाळूचं प्रचंड घटिकायंत्र नेतात, आणि महाराजाच्या मुलीला, फराहला, बंदी करून नेतात. नायक इथं लुटारूंचा राजपुत्र आहे. पुढच्या सगळ्या अनर्थाला त्याचाच हात लागतो.

पडल्यावर काय? एक बटण दाबून धरायचं, की काळ उलटा वाहू लागतो. राजपुत्र दरीतून वर येतो, हात सुटलेली कड पुन्हा हाती येते. पण खंजिरातली वाळू मोजकी आहे आणि ती शत्रूंकडून परत मिळवावी लागते. वाळू संपलेली असताना पडलात तर निवेदक राजपुत्र मध्येच थांबून म्हणतो की असं घडलं नव्हतं, आणि गोष्ट पुन्हा सांगू लागतो. मरण म्हणजे कथेकऱ्याची चूक ठरते. तो ही गोष्ट कुणाला सांगतो आहे, हे शेवटी कळतं. ती फराह आहे, आणि काळ इतका मागं गेला आहे की तिला यातलं काहीच आठवत नाही. खेळाची यंत्रणा आणि कथेचं दुःख इतकं एकजीव झालेलं मी दुसऱ्या खेळात क्वचितच पाहिलं आहे.

पुढच्याच वर्षीच्या ‘वॉरियर विदिन’मध्ये रक्त, संताप आणि जड रॉक संगीत आलं. मेक्नर त्यात नव्हता, आणि त्यातली हिंसा आपल्याला रुचली नसल्याचं त्यानं उघड सांगितलं. एक कल्पना मात्र अस्सल होती. काळाशी खेळल्याची शिक्षा द्यायला दहाका नावाचा राक्षस राजपुत्राच्या मागं लागतो. २००५च्या तिसऱ्या भागानं ही कथा मिटवली. देझिलेंच्या हाती पुढच्या राजपुत्राची कल्पना वेगळ्याच वाटेला गेली आणि तिचा २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ झाला.

२००८च्या आवृत्तीवर अन्याय झाला, असं माझं ठाम मत आहे. त्यात राजपुत्र मरतच नाही. दरीत पडला की सोबतची एलिका त्याचा हात धरून त्याला मागच्या कड्यावर आणते. खेळ सोपा केला, अशी ओरड झाली. इतर खेळ तरी काय करतात? पडदा काळा करून तिथंच आणून सोडतात. इथं त्या काळ्या पडद्याच्या जागी एक माणूस उभं केलं. अहरिमन आणि ओरमझ्द, मुंबईच्या पारशी घरांना परिचित असलेली नावं, इथं झगडतात. शेवटी अहरिमनला कोंडण्यासाठी एलिका प्राण देते. मग खेळाडूलाच एकेक झाड तोडून, केलेलं सगळं उलटवून, तिला परत आणावं लागतं. तिनं शेकडो वेळा आपला हात धरला नसता, तर तो निर्णय समजलाच नसता.

२०२४च्या जानेवारीत फ्रान्सच्या माँपेलिए इथल्या चमूचा ‘द लॉस्ट क्राउन’ आला. चित्रं पुन्हा बाजूनं दिसणारी, नायक सारगोन हा राजपुत्र नसून अपहृत राजपुत्राला शोधणारा योद्धा, आणि भाषांच्या यादीत प्रथमच फारसी. पडलात तर थोडा जीव जातो, एवढंच. इथली टंचाई स्मरणाची आहे. अडलेल्या जागेचं चित्र टिपून नकाशावर टाचून ठेवायचं, आणि तशा टाचण्याही मोजक्याच. इतकं सुरेख काम करणारा तो चमू त्याच वर्षी विखुरला.

महाराष्ट्राचा या मालिकेशी संबंध केवळ फ्लॉपीपुरता नाही. ‘द सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवण्याचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे आलं. २०२०च्या सप्टेंबरमध्ये त्याची झलक दाखवली गेली, चित्रांवर कडक टीका झाली, तारखा पुढं गेल्या. २०२२च्या मे महिन्यात काम मॉन्ट्रियलला हलवलं, आणि २०२६च्या जानेवारीत तो खेळच रद्द झाला. मला याचं वाईट वाटतं ते अभिमानापोटी नाही. मेक्नरच्या वडिलांना २०१२ साली घरातल्या कपाटात मूळ ॲपल-२ खेळाच्या डिस्क सापडल्या. जुन्या संगणकांच्या जाणकारांनी त्यांतला कोड सहीसलामत काढला आणि तो सर्वांसाठी खुला झाला. एका तरुणानं लिहिलेली ओळ न् ओळ आज पुण्यातला कुणीही विद्यार्थी वाचू शकतो. पुणे-मुंबईच्या कलावंतांनी आणि प्रोग्रॅमरांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातलं मात्र, त्या झलकेपलीकडे, त्याला काहीही पाहता येत नाही.