जिन्यावरून धावणारे निरोप

७ जुलै २००५ च्या सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत मिनिटभराच्या आत तीन बॉम्ब फुटले. त्यातला एक किंग्ज क्रॉस आणि रसेल स्क्वेअर या स्थानकांमधल्या खोल, अरुंद बोगद्यात. मदतीला खाली उतरलेल्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका पथकांकडे बिनतारी संच होते, पण तिथून त्यांचा आवाज वर पोचेना. मग खाली काय झालंय, काय हवंय, हे सांगायला माणसंच जिन्यावरून धावू लागली. वर रस्त्यावर रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी मोबाइलवर विसंबून होते. तेवढ्यात सारं शहर घरच्यांना फोन लावू लागलं आणि मोबाइलची यंत्रणाही तुंबली.

या धोक्याची पूर्वसूचना मिळालेली होती. नोव्हेंबर १९८७ मध्ये त्याच किंग्ज क्रॉस स्थानकातल्या आगीत ३१ जणांचा बळी गेला. बोगद्यात चालतील असे बिनतारी संच हवेत, असं त्यानंतरच्या चौकशीनं सांगितलं. रेल्वेच्या पोलिसांना ते मिळाले. म्हणूनच २००५ मध्ये जमिनीखाली फक्त त्यांचेच संच बोलत होते. बाकीची दलं अठरा वर्षांनंतरही मुकी होती.

पुढच्या काही वर्षांत ‘एअरवेव्ह’ हे डिजिटल जाळं या बोगद्यांत उतरवलं गेलं. जमिनीवर पोलीस ते आधीपासून वापरत होते. त्याचा पाया ‘टेट्रा’ या युरोपीय प्रमाणकाचा. जुन्या अॅनालॉग पद्धतीत एका वाहिनीवर एका वेळी एकच संभाषण चालायचं आणि स्कॅनर असलेला कुणीही ते ऐकू शकायचा. टेट्रात आवाजाचे आकडे होतात. २५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीचे वेळेनुसार चार तुकडे पाडले जातात आणि एकाच वाहिनीवर चार संभाषणं एकमेकांना न अडवता चालतात. बोलणं सांकेतिक करून पाठवता येतं. गट हवे तसे जोडता येतात. एकाच अपघातावर आलेले पोलीस, बंबवाले आणि रुग्णवाहिकेतले लोक एका गटात घेता येतात. संकटाचं बटण दाबलं, की त्या संचाला रांगेत पहिला मान.

बोगद्यात मनोरा उभारता येत नाही. तिथे भिंतीलगत खास केबल जाते. तिच्या धातूच्या वेष्टनाला मुद्दाम बारीक फटी ठेवलेल्या असतात. ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावं तशा या फटींतून लहरी बोगदाभर पाझरतात.

पण नवं जाळं अर्ध्यावर असलं, तर काय होतं, ते नॉर्वेत दिसलं. २२ जुलै २०११ रोजी ओस्लोत स्फोट झाला आणि नंतर उटया बेटावर गोळीबार. ओस्लोचे पोलीस नव्या डिजिटल जाळ्यावर होते, तर बेट ज्या जिल्ह्यात येतं तिथले पोलीस अजून जुन्याच यंत्रणेवर. दोन्ही पथकं एकाच ठिकाणी निघाली होती, पण आपापल्या संचांवरून त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं.

डिजिटलच्या स्वतःच्याही खोडी आहेत. अॅनालॉग संचाचा सिग्नल क्षीण झाला, की खरखर वाढते आणि जवानाला कळतं, आता मागं सरकावं. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम तुटतो. शिवाय त्याची संगणकीय प्रणाली माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली. शेजारी यांत्रिक करवत किंवा जवानाच्या अंगावरचा धोक्याचा भोंगा वाजत असला, तर शब्दांचा पार चेंदामेंदा होतो, असं अमेरिकेतल्या चाचण्यांत आढळलं. त्यामुळे तिथल्या अनेक अग्निशमन दलांनी प्रत्यक्ष आगीच्या जागी जुने अॅनालॉग संचच हातात ठेवले.

ब्रिटनला आता टेट्राच्याही पुढं जायचंय. त्यावरून बोलणं छान होतं, पण जळत्या इमारतीचा नकाशा किंवा व्हिडिओ जात नाही. म्हणून व्यापारी ४जी जाळ्यावर चालणाऱ्या नव्या यंत्रणेचे करार २०१५ मध्ये झाले. त्यात आपत्कालीन सेवांच्या संदेशांना इतर ग्राहकांच्या आधी वाट मिळायची आहे. २०१९ च्या अखेरीस एअरवेव्ह बंद व्हायचं होतं. ती तारीख कधीच मागं पडली, आणि ब्रिटनचे पोलीस अजून एअरवेव्हवरच बोलताहेत. दरम्यान लंडनच्या त्याच बोगद्यांत प्रवाशांच्या मोबाइलसाठी ४जीच्या केबल टाकण्याचं काम निघालं, आणि आपत्कालीन सेवांचं नवं जाळंही त्याच कामाला जोडून घेण्यात आलं.