अतिचंचल मुले आणि मणक्याचे उपचार

वर्गात एका जागी न बसणारे, हातातील काम अर्धवट टाकून दुसरीकडे धावणारे, प्रश्न संपण्यापूर्वीच उत्तर देऊन मोकळे होणारे एखादे मूल प्रत्येक शाळेत असते. मात्र ही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागली, सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकली, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी आढळली आणि त्यामुळे मुलाच्या अभ्यासात किंवा मैत्रीत अडथळा येऊ लागला, तर तज्ज्ञ 'एडीएचडी' म्हणजेच अवधानाचा अभाव व अतिचंचलता असे निदान करतात. त्यानंतर औषधांचा विषय निघतो. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी भूक मंदावू शकते, झोप कमी होऊ शकते, हे ऐकून पालक धास्तावतात. औषधाविना उपाय शोधणारे अमेरिकेतील काही पालक मग कायरोप्रॅक्टिककडे वळतात.

हातांनी मणक्यांवर विशिष्ट दाब देऊन उपचार करण्याची ही पद्धती डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. मणका जागचा किंचित सरकला की मज्जातंतूंच्या कार्यात व्यत्यय येतो आणि त्यातून अनेक विकार उद्भवतात, अशी त्यांची धारणा होती. या सरकण्याला 'सबलक्सेशन' असे नाव मिळाले. हाच विचार पुढे नेऊन, मानेचे मणके पूर्ववत केल्यास मेंदूचे कार्य सुधारते आणि मूल शांत होते, असा दावा केला जातो.

या दाव्याला आधार किती? प्रौढांच्या कंबरदुखीत मणक्यांवरील अशा उपचारांचा काही प्रमाणात लाभ होतो, असे अभ्यास सांगतात. अतिचंचलतेची गोष्ट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१० मध्ये या विषयावरील उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. परिणामकारकता ठरविण्यास पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग काही पालकांना फरक जाणवतो, तो कशामुळे? मुलाची लक्षणे मुळातच कमी-जास्त होत असतात आणि पालक बहुधा ती वाढलेली असतानाच उपचारांकडे धावतात. त्यानंतर येणारा उतार उपचारांच्या खात्यावर जमा होतो. शिवाय कोणीतरी मुलाकडे नियमितपणे, आपुलकीने लक्ष देत असते. उपचार घेणाऱ्या व न घेणाऱ्या मुलांची शास्त्रशुद्ध तुलना केल्याखेरीज हा गुंता सुटत नाही.

औषधांच्या बाबतीत अशी तुलना झाली आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, काळजीपूर्वक मात्रा ठरवून दिलेल्या औषधांनी मुख्य लक्षणे केवळ वर्तनोपचारांपेक्षा अधिक आटोक्यात आली. याचा अर्थ प्रत्येक मुलाला औषध द्यावेच, असा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चार ते सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालकांनाच वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे. औषधाविना उपाय हवा असणाऱ्यांसाठी हा पडताळलेला मार्ग आहे.

मणक्यांच्या उपचारांतील गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ असले, तरी मुलांच्या बाबतीत पुरेशी माहिती गोळा झालेली नाही. मोठे नुकसान होते ते वेळेचे. पाठीवरच्या उपचारांत वर्ष निघून जाते. तोवर मूल अभ्यासात मागे पडते, 'खोडकर' वा 'आळशी' हा शिक्का पक्का होतो आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो. ऐकू कमी येणे, झोप अपुरी असणे किंवा वाचनातील अडचण यांमुळेही मूल असेच वागू शकते. तेही तपासायचे राहून जाते.

म्हणूनच प्रथम बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडून निदान करून घ्यावे. औषधाची भीती वाटत असल्यास ती त्यांच्याजवळच मोकळेपणाने बोलून दाखवावी. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. चालू असलेले औषध परस्पर बंद करू नये. आणि कोणताही नवा उपचार सुचविणाऱ्यास एवढेच विचारावे : सुधारणा कशी मोजणार, किती दिवसांत दिसणार आणि न दिसल्यास पुढे काय?