सुईच्या आधीचं बघणं

"मॅडम, चिडा बघू जरा."

वाशीमच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या शिक्षिका मंगरूळपीर तालुक्यातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. "मी रागावलेली नसते, तरी पोट्टे म्हणतात, मॅडम आज तापल्या हायेत," हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. त्यांनी आठ्या घातल्या तशा दोन भुवयांच्या मधोमध उभ्या चिरा उठल्या. त्वचातज्ज्ञ डॉक्टर बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता हसा. आता भुवया वर." प्रत्येक वेळी नेमका कुठला स्नायू कातडी ओढतो ते बोटाने चाचपून त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने पाच ठिपके काढले.

गालावरच्या बारीक रेघांचं काय, असं मॅडमनी विचारलं. उन्हातान्हात स्कूटीवरून शाळा गाठण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेलेली. डॉक्टरांनी कातडी हलकेच ताणली. "चेहरा शांत असतानाही ही रेघ राहते. ही उन्हाची, हिला या इंजेक्शनचा उपयोग नाही. शिवाय इथे सुई चुकली तर हसू वाकडं होईल." सनस्क्रीन आणि स्कार्फ, एवढंच त्यांनी लिहून दिलं. पैसे मिळत असतानाही दिलेला हा नकार मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाचा वाटला. चेहरा असा वाचता न येणाऱ्याच्या हाती, पार्लरमध्ये वगैरे, ही सुई कुणी देऊ नये.

या सुईतलं औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, जंतूचं विष. खराब अन्नातून पोटात गेलं तर श्वासाचे स्नायू लुळे पाडून जीव घेऊ शकतं. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स १९८७ च्या सुमारास पापण्यांच्या आकडीवर ते वापरत होत्या. एका रुग्णाच्या आठ्याही त्याने गेल्या, तिथून ही वाट फुटली. अमेरिकेत आठ्यांसाठी मान्यता मिळाली ती २००२ मध्ये.

कुपी फ्रिजमधून निघाली. दोन ते आठ अंशांत ठेवायची, म्हणून वीज गेली तरी इन्व्हर्टरवर हा फ्रिज चालू असतो. तळाशी पावडर जेमतेम दिसते, पण ती १०० युनिट. सुई टोचताच आतल्या पोकळीने सलाईन आपोआप ओढून घेतलं. ओढलं नाही तर कुपी टाकून द्यायची. अडीच मिली सलाईन, कुपी खळखळून हलवायची नाही, अलगद फिरवायची.

एकेका ठिपक्यावर चार युनिट, एकूण वीस. भुवईखालच्या हाडापासून सेंटीमीटरभर वर राहायचं, नाहीतर औषध खाली पसरून पापणी लोंबते. पाचही टोचण्या मिनिटभरात आटोपल्या. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही.

"लगेच काही दिसणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फरक, पंधरवड्यात पुरा."

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मॅडमनी तो हिशेब धरूनच तारीख घेतली होती.

"आणि मग?"

"तीन-चार महिन्यांनी स्नायू पुन्हा हलायला लागतो. दिवाळीच्या सुट्टीत वाटलं तर या, नाही आलात तरी काही बिघडत नाही. आठ्या होत्या तशा परत येतील, जास्त नाही."